पावसाआधीचे भात

भाताविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे ते बहुतांशी आषाढात लिहिले गेले आहे. चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावरची इरली, बांधावरून उड्या घेणारे पाणी, हिरव्या रंगाच्या नाना छटा आणि लावणीची गाणी. आमच्या ललित लेखकाची आणि भाताची गाठ पडते ती लावणीच्या दिवशी. त्याआधीचे तीन-चार आठवडे ते कोठे होते, आणि त्याही आधी, फाल्गुन-चैत्रात, त्याच्यासाठी कोणी काय करून ठेवले होते, याची चौकशी सहसा होत नाही. शेतकऱ्याला मात्र ठाऊक असते की भाताचे बरेचसे भवितव्य पाऊस येण्यापूर्वीच, शेताच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढ्या एका तुकड्यावर ठरून गेलेले असते. त्या तुकड्याविषयी, त्यावर पेटणाऱ्या आगीविषयी आणि त्या आगीविषयी शहाण्यासुरत्या माणसांनी दीडशे वर्षे जे लिहिले आहे त्याविषयी आम्हांस येथे थोडे बोलावयाचे आहे.

हा तुकडा म्हणजे रोपवाटिका. दक्षिण रायगडात, जेथे आमच्या घराची खाचरे आहेत, तेथे रोपांना तरवा म्हणतात. एक हेक्टर लावणीसाठी सुमारे दहा गुंठे तरवा लागतो. येथे दाणा दाट पेरायचा, तीन आठवड्यांनी रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात त्यांना नव्याने रोवायचे. वनस्पतीच्या दृष्टीने हा मोठा आघात आहे. मुळे तुटतात, पाने पिवळी पडतात, आठवडाभर रोप तग धरण्यातच खर्ची पडते. जे रोप मुळात धट्टेकट्टे असते ते चार-पाच दिवसांत सावरते आणि फुटवे काढू लागते. जे किडकिडीत असते ते पुढे कितीही खत घातले तरी मागेच राहते, कारण फुटव्यांचा काळ थोडा असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही.

आता माती पाहू. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. हजारो वर्षे असा पाऊस झेलून जी माती तयार होते तिच्यातले चुना, पोटॅश, मॅग्नेशियम असे धुवून जाण्याजोगे सगळे धुवून गेलेले असते. उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या उरलेल्या लोहाचा रंग. ही माती आम्लधर्मी असते, आणि तिला एक विशेष खोड असते: स्फुरद दिसला की ती त्याला लोह-ॲल्युमिनियमशी जखडून टाकते. म्हणजे मातीत स्फुरद नसतो असे नाही. असतो, पण कुलूपबंद असतो. आणखी एक गोष्ट अशी की जांभा घडतो तोच मुळी सिलिका निघून गेल्यामुळे, आणि भात हे तर सिलिकेचे मोठे खवय्ये पीक. ते जमिनीतून नत्रापेक्षाही अधिक सिलिका उचलते. पानांचा खरखरीतपणा, खोडाचा ताठपणा, किडीच्या तोंडाला होणारा अडथळा हे सगळे तिचे काम. म्हणजे ज्या मातीची घडणच सिलिका गमावण्यातून झाली, तिच्यातच हे पीक पिढ्यानपिढ्या उभे केले गेले. कोकणच्या शेतकऱ्याची अडचण एका वाक्यात सांगायची झाली तर ती ही.

अंकुराला पहिले काही दिवस ही अडचण जाणवत नाही. दाणा ही त्याची शिदोरी असते आणि तीत स्फुरदही बांधून दिलेला असतो. सुमारे तिसरे पान येईपर्यंत ही शिदोरी पुरते. मग मुळांना बाहेर हात पसरावा लागतो. गरीब मातीत नेमक्या याच दिवसांत रोप थबकते. पाने आखूड आणि ताठ राहतात, त्यांचा हिरवा रंग विनाकारण गडद होतो, मुळे पसरत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते पाऊस कमी पडला किंवा बियाणे जुने होते. खरे तर शिदोरी संपलेली असते आणि घरात काही शिजलेले नसते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. माती तीच असताना खाचरातले भात बऱ्यापैकी येते, मग तरव्यालाच एवढी काळजी का? याचे उत्तर पाण्यात आहे. खाचरात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप पालटते, आणि त्याने जखडून ठेवलेला स्फुरद काही प्रमाणात सुटतो. आम्लताही उताराला लागून माती हळूहळू उदासीनतेकडे येते. पाणी हीच त्या कुलपाची किल्ली. तरवा मात्र उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी असतो. तेथे पाणी तुंबत नाही, म्हणून कुलूपही उघडत नाही. जमीन गरीब आणि खत थोडे, अशा स्थितीत ते खत सगळीकडे चिमूटचिमूट न टाकता या एका कोपऱ्यात ओतण्याचा निर्णय ज्यांनी कोणी प्रथम घेतला, त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल. पण कोठे अडते हे त्यांना बरोबर कळले होते.

त्या कोपऱ्यात जे करतात त्याला राब भाजणे म्हणतात. हे नुसते पालापाचोळा जाळणे नव्हे. खाली शेणाचा किंवा गोवऱ्यांचा थर, त्यावर ऐन-किंजळाची पाल्यासकट तोडलेली कवळे, त्यावर गवत किंवा पेंढा, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. मग वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूने आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या विरुद्ध सरपटत हळूहळू जाते. हा क्रम आणि ही दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. केवळ राख हवी असती तर ढीग करून भडका उडवणे सोपे होते. वर माती घालून आग दाबायची आणि वाऱ्याविरुद्ध चालवायची, याचा अर्थ भडका नको आहे, धग हवी आहे, आणि ती खाली जायला हवी आहे.

ती धग काय करते हे आज सांगता येते. वरच्या काही बोटे मातीतले तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. सेंद्रिय पदार्थात अडकलेला नत्र आणि स्फुरद यांचा काही अंश रोपाला घेता येईल अशा रूपात येतो. राखेने आम्लता उतरते आणि पोटॅश, चुना, सिलिका यांची भर पडते. भाजलेली माती भुसभुशीत होते, त्यामुळे रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. दुसऱ्या बाजूला, जाळलेल्या पाल्यातला बहुतेक नत्र आणि गंधक धुरावाटे निघून जातो. हिशेब असा दोन्ही बाजूंचा आहे.

हा हिशेब मांडण्याची घाई मात्र पूर्वी कोणाला नव्हती. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर राखीव होऊ लागले आणि राबासाठी कवळे तोडणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचे वन आयोग नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब हा त्यातल्या वादाच्या मुख्य विषयांपैकी एक होता. वन अधिकाऱ्याला डोंगरावर बोडकी झाडे दिसत होती, आणि ती खरोखरच बोडकी होती. शेतकऱ्याला राबावाचून तरवा दिसत नव्हता, आणि तेही खोटे नव्हते. भाताच्या खाचराला जोडून वरकस जमीन राखण्याची जुनी पद्धत होती ती याचसाठी. खाचर हे डोंगरावाचून पुरे होत नसे; कायद्याने दोहोंमध्ये रेघ ओढली.

आम्हांस यात साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा असे काही दिसते. राबाचे वर्णन करणाऱ्यांनी तो पाहिला उन्हाळ्यात, धूर निघत असताना. त्यामुळे त्यांच्या गद्यात राब हा एक नाश आहे. जून-जुलैत त्याच जागी उभे असलेले रोप पाहायला यातले थोडेच परत आले. उलट आमचे लेखक आषाढात आले, त्यांनी रोपे पाहिली, धूर पाहिला नाही. त्यामुळे त्यांच्या गद्यात भात ही पावसाने दिलेली देणगी आहे. एकाला कारण दिसले, दुसऱ्याला परिणाम. दोन्ही एका पानावर आणण्याचे काम राहूनच गेले.

अपवाद होते, आणि ते सांगितले पाहिजेत. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी पाठवलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात राबाची दखल आहे. पुढे १९१२ साली हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील राब पद्धतीवर एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. मॅन तेव्हा पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांनी केलेला अभ्यास समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. माती तापवल्याने तिची सुपीकता का वाढते, हा प्रश्न इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली ऐरणीवर आणला होता. मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न कोकणच्या तरव्याला विचारला: राबाचा गुण राखेत आहे की धगेत? शेतकऱ्याच्या कृतीला अज्ञान न मानता तिला एक प्रश्न मानणे, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. त्या प्रबंधावर दोन मराठी नावे आहेत, याचा आम्हांस आनंद वाटतो. मराठी वाङ्मयेतिहासात त्याची नोंद नाही, याचे आश्चर्य वाटत नाही.

आणि एक नाव त्याही आधीचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले कीटक, जनावरे यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात कसे उतरते याचे विवेचन आहे, आणि ते सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचना आहे. वनखात्याने डोंगर अडवल्याची तक्रारही त्याच ग्रंथात आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून वाचल्या जातात: पहिली जलसंधारणाच्या व्याख्यानात, दुसरी वसाहतवादाच्या चर्चेत. फुल्यांच्या मनात त्या एकच होत्या. शेत डोंगरावर जगते, हे त्यांचे म्हणणे. राब हे त्याच सत्याचे दुसरे, अधिक कष्टाचे रूप आहे. फुल्यांच्या डोंगराचे सत्त्व पाणी आणते. राबाचे सत्त्व माणूस आणतो.

माणूस म्हणजे बाई. येथे राबाचे कौतुक थांबवले पाहिजे. परंपरागत ज्ञानाचा गौरव करण्याची एक प्रथा आता रूढ झाली आहे, आणि त्या गौरवात भारा कोणाच्या डोक्यावर होता हा तपशील हमखास गळतो. एका लहानशा तरव्याला पुरेल एवढा पाला, गवत आणि शेण गोळा करण्यासाठी उन्हाळ्याचे कितीतरी दिवस डोंगर चढावा आणि उतरावा लागतो. ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी, वारली, ज्यांच्या ज्यांच्या वाट्याला हे काम आले त्या बायांच्या माना आणि गुडघे हाही राबाच्या हिशेबातला एक खर्च आहे. 'राब' आणि 'राबणे' यांचे नाते व्युत्पत्तीने सिद्ध होते की नाही ते कोशकारांनी ठरवावे. आमच्या घरी ते नाते सिद्ध झाल्याला बराच काळ लोटला आहे.

आमच्या घरी म्हणजे आमच्या काकींच्या संदर्भात. आम्ही भावंडे शहरात असतो. शेत चुलतभाऊ पाहतो, आणि शेताचा शब्द काकींचा असतो. चाळीसएक वर्षे राब त्यांनी रचला. काही वर्षांपूर्वी गुडघ्यांनी डोंगर नाकारला, आणि घरात प्रश्न उभा राहिला की तरव्याचे काय करायचे. भावाचे म्हणणे, मजुरी देऊन राब परवडत नाही. आमचे म्हणणे, कृषी खाते आणि विद्यापीठ दोघेही गादीवाफे सांगतात आणि राब जाळू नका म्हणतात, तर ते करून पाहावे. काकींचे म्हणणे एका वाक्याचे होते: "भाजला तर तरवा हाताला येतो, न भाजला तर हात तरव्याला जातो." म्हणजे न भाजलेल्या जागची रोपे उपटताना हात सोलवटून निघतात आणि मुळे जमिनीतच राहतात.

या पेचात आम्हांस आधार मिळाला तो चारसूत्री पद्धतीचा. डॉ. एन. के. सावंत हे अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले मृदाशास्त्रज्ञ. भातातील युरियाच्या खोल खतमात्रेवर आणि सिलिकेवर त्यांचे संशोधन जगभर उद्धृत होते. कोकणासाठी त्यांनी जी पद्धत बांधली तिची सूत्रे चार. पहिले, भाताचे अवशेष भातालाच परत देणे: तुसाची काळी राख तरव्यात, पेंढा खाचरात. दुसरे, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला, हेक्टरी सुमारे तीन टन, लावणीपूर्वी आठवडाभर आधी चिखलात गाडणे. तिसरे, नियंत्रित लावणी: दोर धरून, एका चुडात दोन-तीनच रोपे, अंतरे आळीपाळीने पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर. चौथे, प्रत्येक चार चुडांच्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी.

यातले गणित मोठे सुबक आहे. पंधरा आणि पंचवीस मिळून चाळीस. चाळीस सेंटिमीटर गुणिले चाळीस सेंटिमीटर एवढ्या जागेला एक गोळी. हेक्टरात अशा ६२,५०० जागा बसतात. २.७ ग्रॅमने गुणले की सुमारे १७० किलो खत होते. एरवी फेकून दिलेल्या युरियाचा बराच भाग हवेत आणि ओढ्यात जातो. चिखलात खोल पुरलेली गोळी मात्र जागची हलत नाही आणि मुळे तिच्यापर्यंत चालत येतात. पण आम्हांस विचारात पाडले ते पहिल्या सूत्राने. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, आणि तूस जाळल्यावर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. ती राख बव्हंशी सिलिका. दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख तरव्याच्या मातीत मिसळायची. पांढरी होईपर्यंत जाळायची नाही. अर्धवट जळालेली काळी राखच हवी, कारण फार तापली की सिलिका स्फटिकरूप होते आणि रोपाला विरघळवून घेता येत नाही. येथे पुन्हा तेच: भडका नको. राब रचणाऱ्या बायांना आणि अलाबामातल्या प्रयोगशाळेत काम केलेल्या शास्त्रज्ञाला आगीविषयी एकाच गोष्टीची काळजी होती.

सावंतांची राख राबाच्या राखेहून एका बाबतीत मात्र वेगळी आहे. राब डोंगराचे सत्त्व शेतात आणतो. तूस शेताचेच सत्त्व शेताला परत करते. पहिल्यात डोंगर उणा होतो, दुसऱ्यात कोणीच उणा होत नाही. १८८७ च्या आयोगापुढे जो तिढा होता, रान राखायचे की तरवा, त्याचे उत्तर गिरणीच्या मागच्या ढिगात पडलेले होते.

आम्ही तरव्याच्या जागेचे तीन पट्टे केले. एकावर काकींच्या देखरेखीखाली लहानसा राब, दुसऱ्यावर गादीवाफा, शेणखत आणि तुसाची राख, तिसऱ्यावर नुसते शेणखत. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. घरातला वाद मिटवण्याचा तो एक सभ्य मार्ग होता. तीन आठवड्यांनी तिसऱ्या पट्ट्याविषयी कोणाला काही विचारावे लागले नाही. पहिल्या दोहोंतली रोपे मात्र डोळ्यांना सारखीच वाटली, आणि राखेच्या वाफ्यातलीही हाताला सहज आली. काकींनी एक मूठ उपटून मुळे पाण्यात धुतली, उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. मग म्हणाल्या, "रोप बरे आहे. पण यातले तण कोण काढणार?"

हा प्रश्न कोणत्याही पुस्तिकेत आम्हांस भेटला नव्हता. राबाने तणाचे बी मरते; राखेने मरत नाही. भातासारखेच दिसणारे तण रोपांतून निवडून काढणे हे वाकून करायचे काम, आणि तेही बायांचेच. म्हणजे उन्हाळ्यात डोक्यावरून उतरलेला भारा पावसाळ्यात पाठीवर बसला होता. आम्ही दिवस मोजले, तेव्हा तण काढण्याचे दिवस राबाच्या दिवसांहून पुष्कळ कमी भरले. पण मोजण्याआधी ते कोणीतरी विचारायला हवे होते, आणि ज्यांनी विचारले त्यांनी कधी अहवाल लिहिला नव्हता. दुसरी अडचण तुसाची. गावातल्या जुन्या हलरमधून तूस आणि कोंडा एकत्र बाहेर पडतो आणि तो गुरांपुढे जातो. सुटे तूस मिळते ते मोठ्या गिरणीत, आणि तेथे त्याला जळण म्हणून गिऱ्हाईक असते. जे फुकट पडलेले आहे असे आम्ही धरून चाललो होतो त्याला भाव होता. अखेर भावाने गिरणीवाल्याशी वर्षाचा करार केला, आणि तण काढण्याची मजुरी खर्चात वेगळी धरायची असे घरात ठरले. काकींच्या आग्रहाने राबाचा एक छोटा पट्टा मात्र कायम ठेवला आहे, त्यात जुन्या वाणाचे बियाणे टाकायचे. तो का, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

जुन्या वाणांविषयी मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात भातातील एका जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. त्याचे नाव पीएसटीओएल-१. ते रोपाच्या लहानपणीच मुळांची वाढ जोरकस करते, त्यामुळे स्फुरद कमी असलेल्या मातीतही रोपाला पुरेसा स्फुरद ओढता येतो. ते सापडले कसालथ या पारंपरिक भारतीय वाणात. भाताचा जो जीनोम जगभर प्रमाण मानला जातो त्यात, आणि स्फुरदाची टंचाई न सोसणाऱ्या आधुनिक वाणांत, ते नाहीच. त्याचे एक कारण उघड वाटते: निवड करणाऱ्यांचे वाफे खतावलेले होते. भरल्या घरात उपासाचा गुण कोणाच्या लक्षात येणार? गरीब मातीने जे शेकडो वर्षे जपले ते श्रीमंत मातीत हरवले, आणि हरवल्याचे कळलेही नाही.

मादागास्करच्या उंच पठारावरची माती आमच्या जांभ्याच्या नात्यातली, तांबडी आणि स्फुरद गिळणारी. त्या देशात दोन वेगळी उत्तरे निघाली. फादर आंरी द लोलानिए या जेझुइट धर्मगुरूंनी १९८३ च्या सुमारास रोप अगदी कोवळे, आठ ते पंधरा दिवसांचे असतानाच लावण्याची पद्धत बसवली. दाण्याची शिदोरी पुरती संपण्याच्या आसपासच रोप नव्या घरी पोहोचते. अलीकडे जपानी संशोधकांनी तेथल्या शेतकऱ्यांबरोबर आणखी एक युक्ती वापरून पाहिली: लावणीपूर्वी रोपांची मुळे स्फुरदयुक्त खत कालवलेल्या चिखलात बुडवायची. स्फुरद शेतभर पसरला तर माती तो गिळते. मुळांनाच माखून दिला तर रोपाचा घास रोपाच्या तोंडी जातो. राब, काळी राख, खोल गोळी, माखलेली मुळे, या सगळ्यांमागचा विचार एकच आहे: थोडे आहे, तर ते जेथे अडते तेथे, आणि जेव्हा अडते तेव्हा द्यावे. गरिबीत घर चालवलेल्या कोणालाही हा विचार नवा वाटणार नाही.

आमच्या डोंगरावरचे ऐन आता कोणी तोडत नाही. त्यांना फांद्या फुटल्या आहेत, बुंध्यावरच्या जुन्या घावांच्या गाठी तेवढ्या राहिल्या आहेत. मात्र त्याच वर्षांत खालची खाचरेही एकेक करून पडीक पडली. आमच्या बांधाच्या दोन्ही बाजूंना आता लावणी होत नाही. तेथे प्रथम गवत आले, मग झुडपे, आणि गेल्या पावसात ऐनाची रोपटीही दिसू लागली. त्यांना कोणी भाजलेली जमीन दिली नव्हती, राख दिली नव्हती. वन अधिकाऱ्यांना जे रान डोंगरावर हवे होते ते सव्वाशे-दीडशे वर्षांनी खाचरात उगवते आहे, आणि त्याला विरोध करायला कोणी शेतकरी उरलेला नाही.

म्हणून गरीब मातीत रोप कसे धरावे या प्रश्नाला केवळ मातीचे उत्तर पुरत नाही. राख कोठून येणार, तण कोण काढणार, दोर कोण धरणार, आणि हे सगळे करून पिकलेल्या भाताला जो भाव येतो त्यात ते बसते का, हे प्रश्न स्फुरदाइतकेच मुळांशी आहेत. त्यातल्या काहींची उत्तरे शास्त्राने दिली, काहींची सरकारने द्यायची आहेत, आणि काहींची, खाचरांच्या कागदावर नावे असलेल्या आमच्यासारख्यांनी. आमच्या घरापुरते उत्तर असे आहे की तुसाचा करार झाला आहे, गिरिपुष्पाची कलमे बांधावर धरली आहेत, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या पडीक खाचरांपैकी एक करायला मागावे असे काकी म्हणत आहेत. त्या खाचरातली ऐनाची रोपटी अजून हाताने उपटता येण्याजोगी आहेत.